बंदूक कोणाची आणि दोष कोणाचा ?



मागच्या महिन्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील एका गावी मी लग्नास गेलो होतो. मंडपात एका सुशिक्षित गृहस्थाशी माझा वाद झाला. गृहस्थ आपल्यापैकीच. दोन मुलगे नोकरीला, घर पक्के, दारात मोटार. बोलणे कामगारांच्या संपाकडे वळले, तेव्हा ते म्हणाले, "वकीलसाहेब, संप म्हणजे शुद्ध गुंडगिरी. अशा वेळी सरकारने लष्कर आणून उभे करावे. दोन तासांत सगळे सुतासारखे सरळ होतात." शेजारी एक तरुण बसला होता. तो पुण्याकडे एका कारखान्यात ठेक्यावर काम करतो. तो उसळून म्हणाला, "मग कामगारांनीही बंदुका हाती घ्याव्यात. अमेरिकेतल्या कोळसा खाणीवाल्यांनी घेतल्याच होत्या !" मंडपातली वडीलधारी मंडळी गृहस्थांच्या बोलण्यावर माना डोलवीत होती. तरुण मुले त्या मुलाकडे कौतुकाने पाहत होती.

वाचकहो, मला ह्या दोघांशीही भांडावयाचे आहे. पण सारख्याच जोराने नव्हे. तरुण चुकला आहे, आणि त्याची चूक मी पुढे दाखवीन. परंतु त्याच्या चुकीमागे अन्याय सोसल्याचा संताप आहे. गृहस्थांच्या चुकीमागे केवळ विस्मरण आहे. आपण कोण होतो, कोणत्या हक्काच्या बळावर आज ह्या मंडपात पाटावर बसलो आहोत, ह्याचे विस्मरण. आणि अन्यायाच्या संतापापेक्षा हे विस्मरण आपल्या समाजास अधिक घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम तरुणाने दिलेली साक्षच तपासू. साक्षीदाराचे नुसते नाव ऐकून निकाल द्यावयाचा नसतो. त्याची उलटतपासणी करावी लागते.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९२१ साली जे घडले ते असे. तेथील डोंगरांत कोळशाच्या खाणी होत्या. खाणकामगार राही ते घर खाणमालकाचे. त्यास पुष्कळ ठिकाणी पगार मिळे तो रोख पैशांत नव्हे, तर मालकाच्या बिल्ल्यांत. आणि ते बिल्ले चालत फक्त मालकाच्याच दुकानात. कामगाराने संघटनेत नाव घातले की काम गेले, आणि काम गेले की त्याच दिवशी बायकामुलांसह घरही गेले. वाचकहो, ही स्थिती तुम्हांस परकी वाटते काय ? ज्यांच्या आजोबांची झोपडी दुसऱ्याच्या जागेवर होती, ज्यांचे धान्य सावकाराच्या दुकानातून उधारीवर येत होते आणि ज्यांची मजुरी त्याच उधारीत वळती होत होती, त्यांना तरी ती समजावून सांगण्याची गरज नाही.

१९ मे १९२० रोजी मेटवान ह्या खेड्यात मालकांच्या भाडोत्री हेरसंस्थेची माणसे संघटनेत गेलेल्या कामगारांची कुटुंबे घराबाहेर काढण्यास आली. गावचा पोलीस प्रमुख सिड हॅटफील्ड हा कामगारांच्या बाजूने उभा राहिला. त्या दिवशी झालेल्या गोळीबारात दहा माणसे ठार झाली. त्यांत सात भाडोत्री हेर, गावचा नगराध्यक्ष आणि दोन कामगार होते. पुढे १ ऑगस्ट १९२१ रोजी हाच हॅटफील्ड एका खटल्यासाठी न्यायालयात जात असताना, निःशस्त्र, पत्नीसोबत, न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्याच हेरसंस्थेच्या माणसांकडून गोळ्या घालून मारला गेला. न्याय मागण्यास जाणारा मनुष्य न्यायालयाच्या उंबरठ्यावर मारला जातो, तेव्हा बाकीच्यांच्या मनात न्यायालयाविषयी काय उरेल, ह्याचा विचार तुम्हीच करा.

त्याच महिन्याच्या अखेरीस सुमारे १०,००० खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून, हाती बंदुका घेऊन निघाले. मिंगो जिल्ह्यात लष्करी कायदा पुकारलेला होता आणि त्यांचे सोबती तुरुंगात होते. त्यांना सोडवावयाचे हा त्यांचा हेतू. वाटेत ब्लेअर नावाचा डोंगर आहे. तेथे लोगन जिल्ह्याचा शेरीफ डॉन चेफिन हा सुमारे ३,००० सशस्त्र माणसे घेऊन आडवा आला. हा शेरीफ म्हणजे सरकारी अधिकारी. पण खाणमालकांचा पैसा त्याला मिळत होता, ही गोष्ट जगजाहीर आहे. कित्येक दिवस गोळीबार चालला. भाड्याच्या विमानांतून कामगारांवर घरगुती बाँब टाकण्यात आले. शेवटी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग ह्यांनी देशाचे सैन्य पाठविले.

आता तरुण मित्राने नीट ऐकावे. देशाचे सैन्य आले तेव्हा कामगारांनी त्याच्याशी युद्ध केले काय ? नाही. त्यांतील पुष्कळजण पहिल्या महायुद्धात त्याच निशाणाखाली लढून आलेले होते. त्यांनी शस्त्रे खाली ठेवली, किंवा ती लपवून ते घरी परतले. त्यांचा लढा देशाशी नव्हता. मालकाच्या पैशाने उभ्या केलेल्या खाजगी फौजेशी होता. आणि ह्याचे फळ काय मिळाले ? नऊशेहून अधिक कामगारांवर खटले झाले. काहींवर तर राजद्रोहाचे. त्यांचा एक पुढारी बिल ब्लिझर्ड १९२२ साली निर्दोष सुटला हे खरे. पण त्या राज्यातील कामगार संघटना पुढे पार खिळखिळी झाली. संघटना करण्याचा आणि मालकाशी सामुदायिक वाटाघाट करण्याचा हक्क खाणकामगारांना निर्वेधपणे मिळाला तो १९३३ नंतर, आणि विशेषतः १९३५ साली राष्ट्रीय कामगार संबंध कायदा झाल्यावर. म्हणजे जे बंदुकीने साधले नाही ते चौदा वर्षांनी कायद्याने साधले.

तरुण मित्राची साक्ष अशी त्याच्याच विरुद्ध जाते. परंतु म्हणून ती गृहस्थांच्या बाजूने जाते असे मात्र मुळीच नाही. तो कायदा १९२१ च्या आधी असता, तर ब्लेअर डोंगरावर एकही गोळी सुटली असती काय ? दहा हजार माणसे घरदार सोडून डोंगर चढतात ती हौस म्हणून नव्हे. त्यांच्यासाठी मालकाचे दार बंद होते, शेरीफचे दार बंद होते आणि न्यायालयाच्या पायरीवर रक्त सांडलेले होते. सगळी दारे बंद करणाऱ्यास निर्दोष सोडावयाचे आणि भिंत फोडणाऱ्यास तेवढे गुन्हेगार ठरवावयाचे, हा कोणता न्याय ?

आणि दुसऱ्या एका ठिकाणी सैन्याने काय केले ? कोलोरॅडो राज्यातील लडलो येथे संपावरील खाणकामगारांची कुटुंबे मालकाच्या घरांतून हाकलली गेल्यामुळे तंबूंत राहत होती. २० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या सैन्याने त्या तंबूंवर मशीनगन चालविली आणि तंबू पेटवून दिले. एका तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात आश्रयाला लपलेली ११ मुले आणि २ स्त्रिया धुराने गुदमरून मेली. "दोन तासांत सुतासारखे सरळ" करणे म्हणजे काय, ते गृहस्थांनी ह्या तेरा प्रेतांकडे पाहून ठरवावे.

कोणी म्हणेल, अमेरिका दूर आहे. ठीक. आपल्या मुंबईकडे येऊ.

२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस ह्याप्रमाणे सहा दिवस काम बंद ठेवले. सरकारने लष्कर रस्त्यावर आणले, गोळ्या चालविल्या, माणसे मेली. १९४६ च्या फेब्रुवारीत नाविकांनी उठाव केला आणि २२ तारखेस मुंबईचे कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी बाहेर पडले. गोऱ्या शिपायांनी परळसारख्या कामगार वस्त्यांत गोळीबार केला आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ते परक्यांचे राज्य होते. परक्यांनी गोळ्या घातल्या, ह्यात नवल नाही, असे म्हणून आपण पुढे जाऊ शकतो. पण ह्या दोन घटनांच्या मधोमध तिसरी एक घटना आहे, आणि ती आपणांस पुढे जाऊ देत नाही.

ती घटना ७ नोव्हेंबर १९३८ ची. तेव्हा मुंबई प्रांतात राज्य परक्या गव्हर्नराचे असले तरी मंत्रिमंडळ आपल्याच माणसांचे, लोकांनी निवडून दिलेले होते. मुख्य मंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी होते. ह्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचे बिल विधिमंडळात आणले. बिलाचे मर्म असे की, कलह उत्पन्न झाल्यास आधी नोटीस, मग समेटाची बोलणी, मग मध्यस्थ. आणि हे सारे सोपस्कार संपण्याच्या आत संप केल्यास तो बेकायदा आणि शिक्षेस पात्र. कामगारांनी ह्या बिलास काळा कायदा म्हटले. सभागृहात त्यावर सर्वांत कडक प्रहार केला तो स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी.

बाबासाहेबांचा युक्तिवाद मी माझ्या शब्दांत सांगतो. तो प्रत्येक बौद्ध घरात माहीत असावा अशी माझी इच्छा आहे. मालक आणि कामगार ह्यांचा संबंध कराराचा आहे. करार मोडणाऱ्याकडून दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते. त्यास तुरुंगात घालता येत नाही. सावकाराचे कर्ज बुडविणारा व्यापारी गुन्हेगार ठरत नाही, घर भाड्याने देण्याचे वचन मोडणारा घरमालक गुन्हेगार ठरत नाही. मग काम करण्याचे नाकारणारा मजूर तेवढा गुन्हेगार का ठरावा? मनुष्यास त्याच्या इच्छेविरुद्ध, शिक्षेच्या धाकाने, कामावर उभे करणे म्हणजे त्यास गुलाम करणे होय. म्हणून संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क. त्याचे केवळ नाव निराळे.

कायद्याचा एक विद्यार्थी म्हणून मी ह्यात एक गोष्ट घालू इच्छितो. १८५९ साली इंग्रजांनी मजुरांच्या करारभंगाचा कायदा केला होता. आगाऊ पैसे घेतलेला मजूर काम सोडून गेला तर त्यास त्या कायद्याने कैदेत टाकता येत असे. तो इतका लाजिरवाणा होता की, खुद्द इंग्रज सरकारनेच १९२५ साली तो रद्द केला. परक्यांनी १९२५ मध्ये जे टाकून दिले ते स्वकीयांनी १९३८ मध्ये नव्या वेष्टनात उचलले, ही त्या काळ्या कायद्यावरची खरी टीका आहे.

७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि डांगे, निंबकर आदी कम्युनिस्ट पुढारी ह्या कामी एकत्र आले. बाबासाहेबांचे आणि कम्युनिस्टांचे मतभेद किती तीव्र होते, हे ज्यास ठाऊक आहे त्यालाच ह्या एकीचे मोल कळेल. लाल निशाण आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे निशाण त्या दिवशी एका रस्त्यावर चालले. आणि लोकांनी निवडलेल्या, अहिंसेची शपथ घेतलेल्या मंत्रिमंडळाच्या पोलिसांनी कामगारांवर गोळी चालविली. कामगारांच्या हातात बंदूक नव्हती. त्यांचे शस्त्र एकच होते : त्या दिवशी त्यांनी काम केले नाही.

तरीही कायदा झालाच. बहुमत मंत्रिमंडळाचे होते.

गृहस्थहो, आता मी तुम्हांस एक प्रश्न विचारतो. तुमच्या आजोबांनी एके दिवशी गावात सांगितले, "मेलेले जनावर आम्ही ओढणार नाही." १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना अशी घाण कामे व शिळेपाके टाकून द्या म्हणून सांगितले आणि ती ठिणगी गावोगाव गेली. तुमच्या आजोबांनी तेव्हा जे केले त्यास कायद्याच्या भाषेत काय म्हणतात ? पिढ्यान्पिढ्या ज्या कामास गाव त्यांस बांधून ठेवीत होता, ते काम त्यांनी एकजुटीने नाकारले. त्यास संप म्हणतात. दुसरा शब्द नाही. आणि गावाने काय केले ? मजुरी बंद केली, चराई बंद केली, वाण्याचे दुकान बंद केले, विहिरीची वाट बंद केली. त्यास टाळेबंदी म्हणतात. तरीही आजोबा वाकले नाहीत, म्हणून आज तुम्ही ताठ आहात. त्या दिवशी कोणी शहाणा म्हणाला असता की, "हे महार गुंडगिरी करतात, चार शिपाई बोलवा म्हणजे दोन तासांत जनावर ओढतील," तर त्यास तुम्ही काय म्हटले असते ? तेच शब्द तुम्ही लग्नाच्या मंडपात दुसऱ्याच्या आजोबांविषयी उच्चारलेत, एवढेच मला तुमच्या ध्यानात आणून द्यावयाचे आहे.

भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठ आणि सक्तीची मजुरी ह्यांना बंदी घातली आहे. ज्याने वेठ नाकारली त्याच्या नातवाने दुसऱ्याचा काम नाकारण्याचा हक्क नाकारणे, हे त्या अनुच्छेदाशीच नव्हे तर स्वतःच्या रक्ताशी बेइमानी करणे आहे.

गृहस्थ म्हणतील, "ते जुने झाले. आता आपली मुले खाणीत नाहीत, गिरणीत नाहीत." खरोखर ? मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ह्या स्थानकांवरून कोळशाच्या वाघिणी जाताना तुम्ही पाहिल्या असतील. वर्धा खोऱ्यातल्या खाणींचा कोळसा पारसच्या आणि दीपनगरच्या वीजकेंद्रांत जळतो, तेव्हा तुमच्या घरातला दिवा लागतो. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी ह्या भागांत जमिनीच्या पोटात उतरणारे हात कोणाचे आहेत ? त्यांत आपले बांधव पुष्कळ आहेत. देशातल्या कोळसा खाणी १ मे १९७३ रोजी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या; पण सरकारी खाणीतही पुष्कळ काम ठेकेदाराकडून करवून घेतले जाते, आणि ठेकेदाराच्या माणसाला कायम कामगाराचा पगार नसतो, घर नसते, नावही पुष्कळदा नसते.

खाणकामगाराकडे कसे पाहावे, हेही बाबासाहेबांनी दाखवून ठेवले आहे. १९४२ ते १९४६ ह्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडील कोळसा खाणींत गेले. नुसते कचेरीत बसून आले नाहीत, तर जमिनीखाली उतरून काम पाहिले आणि कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर बसवून त्यातून कामगारांची घरे, दवाखाने, पाणी ह्यांची सोय करावयाची, अशी ती योजना. त्या काळात युद्धाची निकड म्हणून स्त्रियांना खाणीच्या पोटात काम करण्याची बंदी उठविण्यात आली होती आणि त्याबद्दल मजूरमंत्र्यांवर टीका झाली. ती टीका अस्थानी नव्हती, हे आपण प्रांजळपणे मान्य करावे. पण त्याच वेळी स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे हे तत्त्व बाबासाहेबांनी सोडले नाही, आणि १९४६ च्या फेब्रुवारीत ती बंदी पुन्हा लागू झाली, हेही तितकेच खरे आहे. खाणीत उतरणाऱ्या मनुष्यापुढे सैन्य उभे करण्याऐवजी त्याच्यासाठी घर उभे करावे, ही बाबासाहेबांची रीत होती.

आता आजच्या कायद्याकडे वळतो. तेथेच तुमच्या मुलाचे हित गुंतलेले आहे.

संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. पण त्या हक्कात संपाचा मूलभूत हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली दिला. म्हणजे संपाचा हक्क साध्या कायद्याच्या आधारावर उभा आहे. कायदा बदलला की तो आखडतो. आणि कायदा बदलला आहे. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात नोटीस देण्याचे बंधन केवळ लोकोपयोगी सेवांतील कामगारांवर होते. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने हे बंधन सगळ्याच कारखान्यांवर आणि आस्थापनांवर घातले. नोटीस दिल्यावर चौदा दिवस संप करता येत नाही. नोटीस मिळाली की समेट अधिकाऱ्यापुढे बोलणी सुरू व्हावयाची. आणि बोलणी चालू असताना, व ती संपल्यावर सात दिवसांपर्यंत, संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा घेतली तर तोही संप. बेकायदा संपात भाग घेणाऱ्यास दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. आणि दुसऱ्या बाजूला, कामगार कमी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यास होते, ते आता ३०० किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यास.

आता ह्या तरतुदी १९३८ च्या बिलाशेजारी ठेवून पाहा. आधी नोटीस, मग बोलणी, बोलणी संपेपर्यंत काम चालू आणि मधे थांबलास तर गुन्हेगार. ओळख पटली ना ? ज्याविरुद्ध बाबासाहेब सभागृहात उभे राहिले आणि ज्याविरुद्ध आपली माणसे रस्त्यावर उतरली, तोच देह नवे कपडे घालून आला आहे. नोटिशीला माझा विरोध नाही. दोन्ही बाजूंनी शांतपणे बोलावे हे चांगलेच. पण बोलणी लांबविणे हे ज्याच्या फायद्याचे आहे, त्यालाच ती लांबविण्याची मुभा दिली आणि भुकेल्या बाजूस मात्र हात बांधून बसविले, तर त्यास समेट म्हणत नाहीत.

ह्याचा मला आलेला अनुभव सांगतो. आपल्याच जिल्ह्यातील एका जिनातले काही हंगामी मजूर माझ्याकडे आले. थकलेली मजुरी मिळावी म्हणून त्यांनी एके सकाळी सरकीचे ढीग तसेच ठेवून काम थांबविले होते. मालकाने दूरध्वनी केला आणि अर्ध्या तासात पोलिसांची गाडी फाटकाशी आली. मजुरीच्या अर्जावर मात्र पहिली तारीख मिळण्यास कित्येक महिने लागले, आणि तारीख आली तेव्हा मालकाच्या मस्टरवर त्यांच्यापैकी कोणाचेच नाव नव्हते. राज्य एका बाजूच्या हाकेला अर्ध्या तासात धावते आणि दुसऱ्या बाजूच्या हाकेला महिनोन्‌महिने लावते. ब्लेअर डोंगराची वाट अशाच फाटकापासून सुरू होते.

सैन्य बोलविण्यालाही कायद्याची मर्यादा आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४९ व्या कलमातही हेच सांगितले आहे की, बेकायदा जमाव दुसऱ्या उपायांनी पांगत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तरच दंडाधिकाऱ्याने सैन्याची मदत घ्यावी. आणि सैन्याने शक्य तितके कमी बळ वापरावे, शरीरास व मालमत्तेस शक्य तितकी कमी इजा करावी. मजुरांना "सरळ करण्यासाठी" सैन्य बोलवा, असे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. काम न करणारा मनुष्य म्हणजे बेकायदा जमाव नव्हे. गृहस्थांनी हे कलम एकदा वाचावे.

आता तरुण मित्रा, तुझ्याकडे वळतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग टाकून द्या असे सांगितले, हे तुला ठाऊक आहे. पण त्या सांगण्याचे दुसरे अंगही ध्यानात घे. जेथे सनदशीर मार्ग मोकळाच नव्हता तेथे बेसनदशीर मार्गाचे पुष्कळसे समर्थन होऊ शकत होते. जेथे सनदशीर मार्ग मोकळा आहे तेथे ते होऊ शकत नाही, असा त्यांचा विचार होता. ह्या विचारातून दोन कर्तव्ये निघतात, एक नव्हे. तुझे कर्तव्य हे की तू बंदूक उचलू नयेस. राज्याचे कर्तव्य हे की त्याने सनदशीर दार बंद करू नये. पहिले कर्तव्य तुला रोज ऐकविले जाते. दुसरे राज्याला कोण ऐकविणार? तूच. आणि ते संघटनेवाचून ऐकविता येत नाही. बंदूक घेतलेल्या दहा हजारांचे काय झाले ते तू पाहिलेस. पगारपावती, हजेरीचा पुरावा आणि संघटनेची सभासद-पावती ही तुझी तीन शस्त्रे आहेत. ती हाती असताना तुझी बाजू भक्कम राहते. ती नसताना तुझ्यासाठी कोणताही वकील फारसे काही करू शकत नाही, हे मी कचेरीत रोज पाहतो.

मात्र संघटनेत डोळे मिटून जा, असेही मी सांगत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात, जेथे मजुरी जास्त, तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारास त्याचा विटाळ होई. लाल निशाणाखाली मुठी उंचावणाऱ्यांनीच हा विटाळ पाळला. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, हा अन्याय दूर करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्यांपैकी एकाशीच लढणारी संघटना अर्धी आहे. ब्लेअर डोंगरावर गोरे आणि काळे खाणकामगार एका रांगेत चालले, हे त्या काळच्या अमेरिकेत लहान नवल नव्हते. आणि मालकांना भीती वाटली ती बंदुकांइतकीच ह्या रांगेची. म्हणून संघटनेत जा, पण बरोबरीने जा. पाण्याचा माठ एक आहे काय, पुढारपणात आपला मनुष्य आहे काय, ठेक्यावरचा कामगार सभासद होऊ शकतो काय, हे तीन प्रश्न पहिल्याच सभेत उभे राहून विचारा. उत्तर नकारार्थी मिळाले, तर ते बदलेपर्यंत विचारत राहा. पण रागावून मालकाचे संपफोडे मात्र होऊ नका. ज्याने दुसऱ्याचा संप फोडला त्याचा संप उद्या दुसरा फोडील.

नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना शेवटी एवढेच सांगणे आहे. बावीस प्रतिज्ञा घेतल्या म्हणजे जुने देव गेले. पण जुनी भीती गेली की नाही, ते तपासून पाहा. "साहेब रागावेल" ही त्या जुन्या देवांपैकीच एक आहे. तुमचा मुलगा कारखान्यात, खाणीत, जिनात, बांधकामावर जेथे कामास असेल, तेथील त्याची नेमणुकीची चिठ्ठी ह्या आठवड्यात त्याच्याकडून मागवून वाचा. ठेकेदाराचे नाव, मजुरीचा दर, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक तीत आहे की नाही ते पाहा. नसेल तर लिहून मागा आणि मागितल्याची प्रत जवळ ठेवा. येत्या पौर्णिमेस विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास ह्याच विषयास द्या. गावातले कोण कोठे कामास आहे आणि कोणाकडे कोणता कागद आहे, ह्याची एक वही करा. वही भरली की तालुक्याच्या गावी आपल्या कोणत्याही वकिलास दाखवा. आणि लग्नाच्या मंडपात पुन्हा कोणी म्हणाले की संपवाल्यांसमोर लष्कर उभे करा, तर माना डोलवू नका. आपल्या आजोबांनी मेलेले जनावर ओढण्याचे कोणत्या साली थांबविले, एवढेच त्यास विचारा.

जयभीम.